शीलाच्या लांब बाह्या

वॉटर्लू, १४ फेब्रुवारी २००९

ऊर्मी,

ट्रंक परत हवी, एवढंच तू लिहिलंस. वर 'अरुणामावशी' नाही, खाली तुझं नाव नाही. ईमेलला ईमेलनेच उत्तर द्यायचं असतं हे मला माहीत आहे. पण पडद्यावरचं एका बोटाने पुसता येतं. हे पुसायला तुला निदान उठून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जावं लागेल.

ट्रंक मी देणार नाही. निदान आज तरी नाही.

तुझी आई गेली तेव्हा तिचा नवरा चारुदत्त तिचे कपडे काळ्या पिशव्यांत भरून दानपेटीत टाकायला निघाला होता. तू व्हँकुव्हरहून आली होतीस; त्या पिशव्या तू गाडीच्या डिकीतून बाहेर ओढल्यास आणि मला फोन केलास. "मावशी, तुम्ही घेऊन जा. यू विल वेअर देम, अ‍ॅट लीस्ट." सिनेमावाल्यांचे जुने पोशाख सांभाळण्यात तुझी पंधरा वर्षं गेली. जुना कपडा घडी घालून ठेवला की मरतो, हे तुला सांगावं लागत नव्हतं.

माझ्या कॉन्डोच्या दुसऱ्या खोलीत आता एकसष्ट बायकांचे कपडे आहेत. सगळ्या सदुसष्ट ते पंचाहत्तर सालांच्या दरम्यान इथे कॅनडात आलेल्या. रस्त्यावरच्या मिठाने काठावर पांढऱ्या रेघा उमटलेल्या साड्या आहेत. शॉवर कर्टन कापून त्याच्या पट्टीचा फॉल लावलेली एक नारायणपेठ आहे. साडीवरून घालता यावा म्हणून कमरेत उसवून रुंद केलेला पुरुषी ओव्हरकोट आहे. मुलांना ते जुनेर वाटतं. मला तो आमचा इतिहास वाटतो, कारण दुसरा कोणी लिहिलेला नाही. मी तो काचेआड ठेवत नाही. अंगावर घालते, बसने फिरते, व्यासपीठावर चढते.

त्या पिशव्यांतले कपडे मी तुझ्या आईच्याच ट्रंकेत भरून आणले. शीलाच्या त्या ट्रंकेत सत्तावीस ब्लाउज होते. चौऱ्याहत्तरनंतर शिवलेला प्रत्येक मनगटापर्यंत बाह्यांचा. त्याआधीच्या ब्लाउजांनाही साडीच्या निऱ्यांकडचं कापड कापून खाली बाह्या जोडलेल्या. ब्रॅम्पटनच्या जुलैत, ऊर्मी, जेव्हा माणसं अंगावरची कातडी काढून ठेवायला बघतात. बाई तीस वर्षं हात झाकते तेव्हा काय झाकत असते? गेल्या वर्षी आठ मार्चला आपल्या मराठी मंडळाच्या महिला दिनात मी हाच प्रश्न विचारला. तिचा बाटलीहिरवा ब्लाउज अंगात घालून विचारला. बाही उलटी करून आतले तपकिरी डाग दाखवले आणि म्हटलं, हे रक्त आहे. मी नाव घेतलं नव्हतं. तीनशे माणसांना नाव सांगावं लागलं नाही.

तू तेव्हा फोनवर रडलीस आणि म्हणालीस, "आय ऑल्वेज न्यू." आई दाराला कडी लावून कपडे बदलायची, कधी पोहायला आली नाही, बंद दाराआड बाबा ओरडायचे. हे तू मला सांगितलंस, मी तुला नव्हे. वडिलांशी बोलणं तू तोडलंस, तोही तुझा निर्णय होता.

त्यांना जाऊन महिना झाला. ड्राइव्हवेवरचा बर्फ तीन दिवस कोणी शोव्हल केला नाही म्हणून शेजारच्या सरदारजींनी पोलिसांना फोन केला. हे वाईट झालं. वाईट नाही असं मी म्हणत नाही. पण फ्युनरल होमच्या पार्किंगमध्ये तू मला म्हणालीस, "हे तुम्ही मला एकटीला सांगायला हवं होतं. तीनशे लोकांना नाही." मी उत्तर दिलं की चार भिंतींत सांगितलेला अन्याय चार भिंतींतच मरतो. तू गाडीचं दार लावलंस.

ते उत्तर मी आजही मागे घेत नाही.

अरुणामावशी


वॉटर्लू, २४ मे २००९

ऊर्मी,

तुझा दुसरा ईमेल मिळाला. सगळी ट्रंक नको तर निदान तो हिरवा ब्लाउज पाठव, मला स्वतः बघायचा आहे, असं लिहिलं आहेस. भाषणानंतरच्या आठवड्यातही तू तो मागितला होतास आणि तुला त्रास होईल म्हणून मी पाठवला नाही. आजही त्याच कारणाने पाठवत नाही.

पुरावा हवा असेल तर दुसरा सांगते. एक मोतिया रंगाचा ब्लाउज आहे, त्याची डावी बाही कोपरावर कात्रीने कापलेली आहे. शिवणीवर नाही, मधोमध, वेड्यावाकड्या तीन घावांत. नंतर कोणीतरी ती नीट जोडून घेतली आहे. जुन्या कपड्यांत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला फाटणं आणि कापणं यांतला फरक कळतो. आणि तूच सांगितलं होतंस की आठ-नऊ वर्षांची असताना तू बाबांना ओरडताना ऐकलं होतंस: "काढ ते. काढ म्हणतो ना."

एक गोष्ट मी तुला आजवर सांगितली नव्हती. भाषणानंतर पाच आठवड्यांनी चारुदत्तचा फोन आला होता. मंडळाच्या गुढीपाडव्याला त्याच्या टेबलावर कोणी बसलं नाही म्हणून तक्रार करेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "अरुणा, तुला जे दिसलं ते तू बोललीस. मला जे माहीत आहे ते मी बोलू शकत नाही." मी म्हटलं, बोलू शकत नाही हा कबुलीजबाबच झाला. तो म्हणाला, "तसं समज." आणि जेवलीस का विचारून फोन ठेवला.

निर्दोष माणूस असा बोलतो का? तूच सांग.

अरुणामावशी


वॉटर्लू, २७ सप्टेंबर २००९

प्रिय ऊर्मी,

हे पत्र बसून वाच.

ऑगस्टमध्ये त्या मोतिया ब्लाउजाची काखेतली शिवण उसवली. मी स्वतः शिवत नाही, डोळे राहिले नाहीत. ब्रॅम्पटनला सुरेखाकडे गेले. सुरेखा तुला आठवत असेल, बेसमेंटमध्ये मशीन टाकून चाळीस वर्षं आपल्या सगळ्यांचे ब्लाउज शिवणारी. मंडळात ती कधी येत नाही, भाषणं ऐकायला तिला वेळ नसतो. तिने ब्लाउज हातात घेतला, बाहीचा जोड अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, "अगं बाई, ही शीलाची. ही मीच जोडून दिली होती."

मी म्हटलं, कापली कोणी तेही माहीत असेल.

"नवऱ्याने," ती म्हणाली. "जुलै महिना, हिला घामोळं फुटलेलं, चक्कर येऊन पडलेली. तो म्हणाला पुरे झालं हे झाकणं, लोक गेले खड्ड्यात, आणि घेतली कात्री. दुसऱ्या दिवशी स्वतःच तिला इथे घेऊन आला. तिथे पायरीवर बसला होता. मला म्हणाला, जोडून द्या, तिला तसंच हवं आहे."

"काय झाकणं?" मी विचारलं.

सुरेखाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चेष्टा करते आहे. "अरुणाताई, तुम्ही तिच्या जिवाभावाच्या. तुम्हाला माहीत नाही? कोड होतं तिला. आधी दंडावर, मग पाठीवर, शेवटी मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत. शिंप्यापासून काय लपणार? माप घ्यायला मलाच हात लावायला लागायचा."

तिने मग चहा ठेवला. ती बोलत राहिली आणि मी तिच्या मशीनच्या पायडलकडे बघत राहिले. बाही वर सरकली तर दिसू नये म्हणून तुझी आई मनगटापर्यंत चेहऱ्याला लावतात तो मेकअपचा रंग लावायची. तोच आतून कापडाला लागायचा. सुरेखाने तिला आत काळं अस्तर लावायला सुचवलं होतं, पण ते उकडतं म्हणून तिने नको म्हटलं.

ते सगळं तुझ्यासाठी होतं. आईला कोड आहे कळलं तर मुलीचं लग्न जमत नाही, हे ती साताऱ्याहून सोबत घेऊन आली होती, आणि त्या काळात ते खोटंही नव्हतं. इथे आपण पन्नास घरं होतो. पन्नास घरांत बातमी पोचायला एक हळदीकुंकू पुरतं. "पोरीचं लग्न झालं की सगळ्यांना सांगेन," असं ती सुरेखाला म्हणायची. तोवर तुलाही कळू द्यायचं नाही, पोर शाळेत बोलून जाईल म्हणून. नवऱ्याकडून तिने शब्द घेतला होता.

तू लग्नच केलं नाहीस. त्यामुळे तो शब्द कधी संपला नाही.

तुझ्या बाबांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही, ऊर्मी. ते ओरडायचे ते "काढ त्या बाह्या" असं. त्यांना ती उघड्या हातांनी हवी होती.

मी चुकले. मी फसले. मला माफ कर असं म्हणायचा अधिकार मला नाही, म्हणून म्हणत नाही. पण मी हे निस्तरणार आहे. ज्या व्यासपीठावरून त्यांचं नाव घालवलं, त्याच व्यासपीठावरून ते परत देईन. कोड हा कलंक मानणाऱ्या आपल्या समाजालाही त्या दिवशी उत्तर द्यावं लागेल. मुद्दे काढायला मी सुरुवात केली आहे.

तुझी,
अरुणामावशी


वॉटर्लू, १८ ऑक्टोबर २००९

प्रिय ऊर्मी,

तुझं उत्तर नाही. मागचं पत्र मी पुन्हा आठवून पाहिलं. ते लिहायला मला सोपं गेलं, कारण त्यात मी फसलेली आहे. आता जे लिहिते ते सोपं नाही.

तू मला एकदा तुझ्या कामाच्या जागी नेलं होतंस. दोन हजार चार साल असेल. लांबलचक टेबलावर तू मला डाग ओळखायला शिकवलंस. जुनं रक्त कापडात बसतं, कडक होतं, साबणाने बोटाला लागत नाही. चेहऱ्याच्या रंगात तेल असतं, तो कितीही जुना असला तरी ओल्या साबणाला थोडा तरी सुटतो. "इट ऑल्वेज टेल्स ऑन इटसेल्फ, मावशी," तू म्हणाली होतीस. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

भाषणाच्या आदल्या शनिवारी दुपारी मी पांढऱ्या रुमालाचं टोक भिजवलं, त्यावर भांड्यांचा साबण घेतला आणि हिरव्या ब्लाउजाच्या बाहीवर आतून दाबून धरलं. का केलं? कारण मी भाषणाआधी माझे दाखले तपासते. लोकांना फुकट आवेश विकणाऱ्या वक्त्यांची मला चीड आहे.

रुमालावर गव्हाळ रंग आला. बोटाला चिकटला. जवळ नेला तर पावडरीसारखा वास होता.

मी रुमाल धुऊन टाकला.

शीलाला कोड आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण ते रक्त नाही हे माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं की रंग वळ झाकायलाही लावतात. मग ते रक्त नसलं तरी काय बिघडलं, अर्थ तोच. पण 'रंग' असा शब्द उच्चारला असता तर सभागृह विचारात पडलं असतं. 'रक्त' म्हटल्यावर कोणी विचारात पडत नाही. पस्तीस मिनिटांचं भाषण मला तोंडपाठ होतं, आणि त्याचा सगळा भार त्या एका शब्दावर होता. तो काढला असता तर पुन्हा लिहावं लागलं असतं.

म्हणून तुला ब्लाउज पाठवला नाही. तुला त्रास होईल म्हणून नव्हे. तू बघताक्षणी ओळखलं असतंस, आणि तुझे वडील तेव्हा जिवंत होते.

त्यांनी तुला चारदा फोन केला आणि तू एकदाही उचलला नाहीस, हे तू फ्युनरल होममध्ये मला सांगितलंस. कदाचित त्यातल्या एखाद्या फोनवर त्यांनी तो शब्द मोडला असता. हे तुझ्या डोक्यात येणारच, म्हणून मीच लिहिते: तो फोन तू माझ्यामुळे उचलला नाहीस.

अजून एक. सुरेखाकडून निघताना मी विचारलं, छत्तीस वर्षांची मैत्री, मग शीलाने मला का नाही सांगितलं? माझ्यावर तरी विश्वास ठेवायचा. सुरेखा पिना तोंडात धरून बोलत होती. "मी म्हटलं होतं तिला, अरुणाताईंना सांग, मन हलकं होईल. तर म्हणाली, नको बाई. ती त्यावर भाषण करील."

अरुणा


वॉटर्लू, २० डिसेंबर २००९

प्रिय ऊर्मी,

परवा फोनवर तू जे बोललीस ते मी इथे लिहून काढते आहे, म्हणजे मला नंतर त्यात फेरफार करता येणार नाही.

तू आधी विचारलंस, "आईचे हात कसे दिसत होते, सुरेखामावशीने सांगितलं?" मी म्हटलं, नकाशासारखे, असं म्हणाली. तू म्हणालीस, "थर्टी-थ्री इयर्स. मी कधी बघितले नाहीत." मी सांत्वन करू लागले तेव्हा म्हणालीस, "प्लीज, मला वाक्यं नकोत."

मग मी माझा बेत सांगितला. सहा मार्चला मंडळाचा महिला दिन आहे. मी सगळं उभं राहून सांगेन, तुझ्या आईचं दुखणं, तुझ्या बाबांचा शब्द, माझा रुमाल. लोकांनी कोडाला ज्या तऱ्हेने...

"नाही," तू म्हणालीस.

मी म्हटलं, बाबांचं नाव स्वच्छ करायचं तर कारण सांगायलाच हवं.

"आईने आयुष्यभर लपवलं. बाबांनी, यू नो, मरेपर्यंत लपवलं. लोक टेबलावरून उठून गेले तरी बोलले नाहीत. आणि आता तुम्ही माईक घेऊन सगळं उघडं करणार? अगेन?"

मी म्हटलं, त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, ऊर्मी. ते त्वचेचं दुखणं आहे. हे समाजाला सांगायला नको का?

"लाज नाही हे मला माहीत आहे. तिला माहीत नव्हतं. इट्स हर्स, मावशी. तुमचं नाही."

मग तू म्हणालीस: "बाबांचं नाव परत द्यायचं असेल तर द्या. पण आईबद्दल एक शब्द न बोलता. जमेल तुम्हाला?"

मी हो म्हटलं. त्र्याहत्तर वर्षांत मला इतकी कठीण अट कोणी घातली नव्हती.

मुद्द्यांचे कागद फाडून टाकले आहेत. हे तू मला विचारलं नव्हतंस, तरी सांगते.

अरुणामावशी


वॉटर्लू, ७ मार्च २०१०

प्रिय ऊर्मी,

काल झालं. जसं झालं तसं सांगते.

शीलाचं काही अंगावर घातलं नव्हतं. त्या खोलीतलं कोणाचंच नाही. दुकानातून घेतलेला राखाडी स्वेटर घातला. अध्यक्ष चित्राने दारातच विचारलं, "हे काय, आज साधीच?" तिने मला अल्पोपाहाराआधी दहा मिनिटं दिली होती. सभागृह तेच, माणसं थोडी जास्त. नव्याने आलेल्या आयटीतल्या मुली पुढच्या दोन रांगांत, मांडीवर पोरं घेऊन.

मी म्हटलं: "दोन वर्षांपूर्वी इथे मी एका माणसाने आपल्या बायकोला मारलं असं तुम्हाला सांगितलं. तो माणूस चारुदत्त, हे तुम्ही ओळखलंत आणि मी ओळखू दिलं. ते खोटं होतं. त्यांनी शीलावर कधी हात उगारला नाही. मी दाखवलं ते रक्त नव्हतं, आणि ते रक्त नाही हे मला बोलताना माहीत होतं. मला याहून जास्त सांगता येणार नाही."

सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल. मी माईकपासून बाजूला झाले नाही, कारण कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला हवं असं वाटलं. मागून एका बाईंनी विचारलं, "रक्त नव्हतं तर काय होतं?" मी म्हटलं, ते सांगणार नाही. "मग तिच्या त्या लांब बाह्या?" तेही सांगणार नाही, म्हटलं. कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या रांगेतला कोणी शेजाऱ्याला म्हणाला, आणि हळू बोलायची त्याने तसदी घेतली नाही, "वकिलाची नोटीस आलेली दिसते." त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं, पण मान डोलावली.

तेव्हा मला कळलं की ते मला खोटारडी समजत नाहीत. घाबरलेली समजतात.

माझ्या जिभेवर शब्द होता, ऊर्मी. एकच शब्द, आणि सगळं सभागृह उलटं झालं असतं, तुझ्या बाबांसाठी रडलं असतं. त्या माणसांना कसं रडवायचं हे मला पाठ आहे. मी पोडियमच्या कडा धरून उभी राहिले आणि तो शब्द बोलले नाही. मग खाली उतरले.

टाळ्या झाल्या. कशासाठी ते मला कळलं नाही.

वॉशरूममध्ये त्या नव्या मुलींपैकी एक, गौरांगी नावाची, मागोमाग आली. तिने मला मिठी मारली. "मावशी, तुम्हाला कोणीतरी प्रेशर केलं ना? फॅमिलीने? आम्हाला कळतं. तुमचं ते भाषण माझ्या सासूबाईंनी रेकॉर्ड केलंय, मी दोनदा पाहिलंय. वुई बिलीव्ह यू." मी तिला सांगितलं की आत्ता बोलले तेच खरं आहे, पहिलं नव्हे. ती म्हणाली, "हो हो," आणि मला पेपर टॉवेल दिला.

तुझी अट मी पाळली. तुझ्या बाबांचं नाव मात्र परत देता आलं नाही. पस्तीस मिनिटं खोटं बोलले ते त्या घराघरांत जपून ठेवलं आहे, आणि मिनिटभर खरं बोलले ते वड्यांच्या ताटल्या येईपर्यंतही टिकलं नाही. पुन्हा प्रयत्न करू का, आणि कसा, हे आता मी ठरवणार नाही. तू सांगशील तसं.

निघताना चित्रा कोटाच्या रॅकपाशी आली. माझी एक बाही चढत नव्हती, तिने धरून दिली. म्हणाली, "दमलात तुम्ही या वर्षी, दिसतंच आहे. पुढच्या वर्षी पूर्ण वेळ तुम्हालाच देऊ. आणि ते बाह्यांचंच करा ना पुन्हा, अरुणाताई. कितीतरी नव्या लोकांनी ऐकलेलंच नाही. लोक अजून आठवण काढतात."

मी नाही म्हटलं.

पण तुला आता खोटं सांगायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते. लोक अजून आठवण काढतात, असं ती म्हणाली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं.

अरुणा